विजूआत्याचा अंधार

दिवेलागणीला माणसं देवापाशी दिवा लावतात, हात जोडतात आणि टीव्हीकडे वळतात. आमची विजूआत्या दिवा लावते, हात जोडते, पायात चपला सरकवते आणि तीन जिने उतरून रस्त्यावर जाते. तिथे मान वर करून उभी राहते आणि आपण आत्ताच लावलेला दिवा बाहेरून दिसत तर नाही ना, ते बघते.

दिसत नाही. दिसणं शक्यच नाही, कारण तिच्या खिडक्यांना गोधडीसारखे जाड, गडद निळे पडदे आहेत आणि त्यांच्या कडा तिने चौकटीला टाचण्यांनी टोचून ठेवल्यात. स्वतःच्या घराची अशी खात्री पटली की ती बाकीच्या जगाकडे वळते.

"ए दुसरा मजला! उजेड दिसतोय!"

दुसरा मजला म्हणजे मी. डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनच्या बाजूला आमची साधी चार मजल्यांची इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर आत्या आणि तिच्या खाली मी. आत्याची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. त्या काळातही तिला तारेची फारशी गरज नव्हती, असं माझे बाबा म्हणतात. त्यामुळे माझ्या स्वयंपाकघरातल्या उजेडाची बातमी रोज संध्याकाळी अख्ख्या रस्त्याला कळते. लग्नानंतर सुरुवातीला मी शरमेने अर्धमेली व्हायचे. आता पोळी लाटता लाटताच "दिसू दे!" म्हणून ओरडते. तीही "बरं बरं" म्हणते आणि पुढच्या खिडकीकडे जाते.

समोरच्या इमारतीत एक नवीन जोडपं राहायला आलं होतं. पहिल्याच संध्याकाळी त्यांना खालून खणखणीत आवाजात ऐकू आलं, "पहिला मजला! बाहेरून सगळं दिसतंय!" बिचाऱ्यांनी काय अर्थ घेतला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदेवाला हजर. तो नवरा पुढे कित्येक दिवस आत्या दिसली की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. आत्याला मात्र त्याचं फार कौतुक. "एका हाकेत ऐकणारा माणूस," म्हणायची, "नाहीतर आमची मंजू."

मंजू म्हणजे मीच.

तिच्या घरात तर आणखी मजा. आपल्या घरात किती बारीक दिवे असतात, हे आत्याकडे गेल्याशिवाय कळत नाही. टीव्हीचा लाल, वायफायचा हिरवा, इन्व्हर्टरचा पिवळा, वॉशिंग मशीनचा निळा. या सगळ्यांवर तिने काळ्या टिकल्या चिकटवल्यात. स्वतः ती आयुष्यात कधी टिकली लावत नाही, तरी महिन्याला एक पाकीट संपतं. वायफाय दुरुस्त करायला आलेला माणूस म्हणाला, "आंटी, लाईट लागतेय की नाय तेच कळत नाय." आत्या म्हणाली, "तेच तर हवंय." तो माझ्याकडे बघायला लागला. मी नळ बघायला लागले.

आणि भोंगा! आत्या तोंडाने भोंगा वाजवते, अगदी हुबेहूब. धोक्याचा भोंगा खालीवर हेलकावे खात जातो आणि धोका टळल्याचा एकसुरी, लांबलचक. घरात कुणाचं भांडण सुरू होणार असं वाटलं की ती कोपऱ्यातून हळूच पहिला वाजवते. कंटाळवाणे पाहुणे जिन्यावरून पुरते खाली उतरले की दुसरा वाजवते आणि म्हणते, "ऑल क्लिअर!" माझ्या लग्नात नवऱ्याकडच्या बायका उखाण्यासाठी तिच्या मागे लागल्या. तिने लग्नच केलेलं नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "उखाणा येत नाही, हा घ्या," म्हणून आत्याने भर पंगतीत धोक्याचा भोंगा घेतला. वाढपी जागच्या जागी थांबले. पंगतीतल्या दोन आजोबांनी आधी छताकडे बघितलं आणि मग दिव्याच्या बटणाकडे.

त्या दोन आजोबांना जे आठवलं ते एकाहत्तरचं युद्ध. आत्या तेव्हा आठ वर्षांची होती. माझ्या आजोबांचं, म्हणजे आत्याच्या वडिलांचं बिऱ्हाड कल्याणला पारनाक्याच्या बाजूला एका अरुंद गल्लीत होतं. आजोबांना सगळे अप्पा म्हणत. ते शाळेत गणित शिकवायचे, आणि घरी आल्यावरही शाळेतच असल्यासारखे वागायचे. मुलांशी बोलणं म्हणजे पाढे विचारणं. मुलाला कधी जवळ घेतलं, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, असं कुणी बघितलेलं नाही. युद्ध सुरू झालं, ब्लॅकआऊटचा हुकूम आला आणि अप्पांना गल्लीचं वॉर्डन नेमलं. शिट्टी मिळाली, दंडाला पट्टा मिळाला. रोज संध्याकाळी गल्लीतून फिरायचं आणि कुठे उजेडाची रेघ दिसली की ओरडायचं, "उजेड दिसतोय!" आत्याची आरोळी ही मुळात अप्पांची. या फेरीला ते विजूला बरोबर न्यायचे.

त्या गल्लीची एक ठाम समजूत होती, की विमानातल्या माणसाला खालचं बोलणं ऐकू जातं. त्यामुळे अंधार पडला की सगळी गल्ली कुजबुजायची. बायका कुजबुजत भांडायच्या. भुंकू नये म्हणून गल्लीतल्या कुत्र्याला सगळे मिळून इतकी भाकरी घालायचे, की युद्ध संपेपर्यंत ते दुप्पट झालं. मार्गशीर्ष चालू होता. घरोघरी गुरुवारची महालक्ष्मी मांडलेली आणि आरत्या चाललेल्या कानगोष्टी केल्यासारख्या. टाळ्या वाजवायच्या त्याही नुसत्या हात हवेत हलवून. शहाडकडच्या कारखान्याचा पाळीचा भोंगा झाला तरी निम्मी गल्ली खाटेखाली जायची आणि निम्मी त्यांना खाटेखालून बाहेर बोलवायची.

अशाच एका गुरुवारी अप्पा फेरीवर असताना एका खिडकीत त्यांना चांगला झळझळीत उजेड दिसला. त्यांनी शिट्टी फुंकली आणि गरजले, "कोण आहे तिथे? उजेड दिसतोय! देशद्रोही आहात काय?"

आतून आमची आजी म्हणाली, "मी आहे आणि लक्ष्मी आहे. आमच्यातलं देशद्रोही कोण ते तुम्हीच ठरवा."

अप्पा आपल्याच घराबाहेर उभे होते. आजीने समई विझवायला साफ नकार दिला. लक्ष्मी अंधारात घरात येईल कशी, हा तिचा सवाल. शेवटी पुढच्या गुरुवारी लक्ष्मीची स्थापना कपाटात झाली, दार एवढंसं किलकिलं ठेवून. घरात लक्ष्मी बंदोबस्तात असलेली ती एकच वेळ, असं आजी पुढे कितीतरी वर्षं सांगायची.

या आठवणींवरून आत्याचं आणि माझ्या बाबांचं कधी पटत नाही. बाबा तिच्याहून पाच वर्षांनी मोठे, वर्तकनगरला राहतात. रविवारी फोनवर भांडण ठरलेलं. खिडकीला लावलेला कागद खाकी होता असं बाबा म्हणतात, वह्यापुस्तकांना घालतात तसला. आत्या म्हणते, काळा कुळकुळीत होता, हाताला रंग लागायचा. दोघंही त्या कागदासाठी पुन्हा लढाई करतील. मग आत्या म्हणते, "दादा, काय सुंदर संध्याकाळी होत्या रे त्या!" आणि बाबांचा पारा चढतो. "सुंदर? युद्ध होतं ते, विजू. सहल नव्हती. मी खाटेखाली रामरक्षा म्हणत बसायचो. आई रात्रभर दाराकडे बघायची. सुंदर म्हणे!"

एकदा असा फोन ठेवला तेव्हा मी तिच्यासमोर होते. ती म्हणाली, "त्याचंही खरं आहे. पण मला एकदा, फक्त एकदाच, तसा अंधार पुन्हा बघायचाय गं. मरायच्या आधी. डोंबिवलीत अंधारच होत नाही."

ते खरंच होतं. वीज गेली तर इन्व्हर्टर लागतात. गल्लीच्या टोकाला नवा उंच दिवा बसला, त्या दिवशी आत्या जेवली नव्हती. गावी जाऊन राहा म्हटलं तर म्हणाली, "रानातला अंधार काय करायचाय? गल्लीतला हवा. माणसं आत आहेत, जागी आहेत, आणि अंधार आहे, असा." मला ते नुसतं खूळ वाटायचं. माणसं काश्मीर बघायचंय म्हणतात, काशीला जायचंय म्हणतात. अंधार बघायचाय म्हणणारी ही एकटीच.

आणि गेल्या वर्षी बातमी आली, की सरकार मॉक ड्रिल घेणार. भोंगे वाजणार, कुठे कुठे ब्लॅकआऊटही होणार.

आमच्या ग्रुपवर लोकांनी तांदूळ किती भरून ठेवायचे यावर चर्चा सुरू केली. आत्या स्टेशनरीच्या दुकानात गेली आणि काळ्या कार्डपेपरची गुंडाळी काखेत मारून आली. खाकी नाही, काळा. एक ताव तिने बाबांना दाखवायला बाजूला काढून ठेवला. घरोघरी जाऊन तिने खिडक्यांची मापं घेतली. शिट्टी आणली. जिन्यात उभं राहून बायकांना समजावलं, की घाबरायचं नाही, मुलांना मध्ये बसवायचं आणि बोलायचं हळू. चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "विजूताई, तुमच्या तोंडावर तेज आलंय हो." खरंच आलं होतं. ती कुणाच्या लग्नघरात असावी तशी फिरत होती.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रेदादा. ही सगळी जमीन एके काळी त्यांच्याच घरची, खाडीकडे त्यांची मिठागरं होती. ते आत्याला म्हणाले, "आत्या, तुमच्या कल्याणचा मला नाय माहीत. आमच्या गावान तवा लाईटच नव्हती. आमचा रोजचाच ब्लॅकआऊट!"

"मग तुम्हाला त्याची किंमत नाही," आत्या म्हणाली.

तो दिवस उजाडला. दुपारी कुठल्याशा मैदानात भोंगा वाजला म्हणतात. आमच्याकडे तेव्हा टाकीचा पंप चालू होता, त्यामुळे कुणालाच ऐकू आला नाही. आणि संध्याकाळचा ब्लॅकआऊट आमच्या भागात नव्हताच. ग्रुपवर कुणीतरी तसं टाकलं, त्यावर बाकीच्यांनी हसणारी तोंडं टाकली. आत्याने काही वाचलं नसावं. सात वाजता ती शिट्टी गळ्यात घालून रस्त्यावर येऊन उभी राहिली. खिडक्या रोजच्यासारख्या एकेक करून उजळत गेल्या. लोक दिवे लावून घरात फिरत होते, कुणी बाल्कनीत कपडे काढत होतं. मी ओट्यापाशी हाकेची वाट बघत होते. हाक आलीच नाही. खिडकीतून वाकून बघितलं तर आत्या नुसती उभी होती. मग ती वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशीही ती आली, बघून गेली, ओरडली नाही. तिसऱ्या दिवशी खाली आलीच नाही.

म्हात्रेदादा माझ्या दारात. "मंजूताई, आत्या बोलत नाय. रस्ता कसा सुना सुना वाटतो. काय झालंय काय तिला?" मी सांगितलं. दादांनी कपाळ खाजवलं. "एवढंच ना? मग आपुन करू की अंधार. त्यात काय?"

त्यात बरंच काही होतं. आत्याची अट, की वद्य पक्ष हवा. तेव्हा शुक्ल पक्ष चालू होता, संध्याकाळीच चंद्र वर असायचा. म्हणून पौर्णिमा उलटेपर्यंत थांबलो. शेजारच्या दोन इमारती दादांच्या चुलत भावांच्या, त्यांना दादांनी पटवलं. पहिल्या मजल्यावरच्या मुलाची ऑफिसची मीटिंग होती, तो लॅपटॉप घेऊन पांघरुणात शिरायला तयार झाला. एकाच्या माशांच्या पेटीला दिवा होता, तिला चादर पांघरली. एका छोटीच्या बुटांना चालताना लाल दिवे लागायचे, तिला आईने कडेवरच घेतलं. टोकाच्या उंच दिव्याचं काय केलं, ते दादांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सोसायटीत नळाच्या वेळेवर कधी एकमत झालेलं नाही. या अंधारावर झालं. त्या माणसांचा मला तेव्हा इतका अभिमान वाटला, की काय सांगू.

ठरल्या वेळी मी आत्याला हाताशी धरून खाली आणलं. रस्त्यावर उभं केलं. दादांनी खालून शिट्टी दिली आणि तिन्ही इमारतींतल्या खिडक्या एकेक करत काळ्या झाल्या. वरून कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला "श्शू" केलं. मग सगळं शांत.

आत्याने मान वर केली. बराच वेळ बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आणि माझ्या लक्षात आलं, की मला तिचं तोंड दिसतंय. नाक, चष्मा, पांढरी बट, सगळं. मागच्या टॉवरवर पाट्या झगमगत होत्या. स्टेशनकडचं आभाळ तांबूस होतं. आमच्या तिन्ही इमारती त्या उजेडात न्हाऊन उभ्या होत्या.

"नाही गं," आत्या म्हणाली. "हा तो नाही."

मला संतापच आला. एवढ्या लोकांना गोळा केलं, पंधरा दिवस नाचले, आणि हिचं आपलं नाही ते नाहीच. "आत्या, मग तुला हवंय तरी काय? काय होतं एवढं त्या अंधारात?"

ती रस्त्याच्या कडेच्या कठड्याला टेकली.

"अप्पांना अंधारात दिसायचं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"रातांधळे होते ते. दिवस मावळला की काही दिसायचं नाही. कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. मास्तर माणूस, वॉर्डन नेमलं, नाही कसं म्हणणार? मग मला घेऊन निघायचे. गल्लीच्या वळणावर आलो, घर नजरेआड झालं, की माझा हात धरायचे. असा, घट्ट. त्यांच्या हाताला घाम यायचा. मी सांगायची, इथे दगड आहे, इथे गटार आहे, इथे वळायचं. ते ऐकायचे. अप्पा माझं ऐकायचे, मंजू! दिवसा ज्यांच्यासमोर सातचा पाढा चुकला तर मी आईमागे लपायची, ते."

मी तिच्या शेजारी कठड्याला टेकले.

"मग युद्ध संपलं. संध्याकाळी सगळ्या गल्लीत दिवे लागले. लोक खिडक्यांचे कागद टराटरा फाडत होते, साखर वाटत होते. आम्ही वळणावरच होतो. दिवे लागले आणि अप्पांनी माझा हात सोडला. सगळी गल्ली नाचत होती आणि मी रडत होते. लोकांना वाटलं, आनंदाने रडतेय पोर."

"पुन्हा कधी नाही धरला?"

"कशाला धरतील? दिवे होते ना." ती हसली. "गरजेपोटी धरला असेल, कळतं मला. मी काय आता आठ वर्षांची आहे? पण धरला होता गं. दादाला यातलं काही बोलू नकोस हं. त्याचे अप्पा त्याच्यापाशी आहेत तसे राहू देत."

मला माझ्या मघाच्या रागाची लाज वाटली. एवढी वर्षं ही बाई रोज संध्याकाळी रस्त्यावर येऊन उजेडाला ओरडत होती, आणि आम्ही तिच्यावर हसत होतो.

तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला. डोळे मिटले आणि हात पुढे केला.

"चल," म्हणाली. "टोकापर्यंत."

मी तिचा हात धरला. सुरकुतलेला, थंडगार हात. आम्ही चालायला लागलो. डोळे तिचे मिटलेले, पण वाट तीच दाखवत होती. मला दर दोन पावलांनी हात दाबून थांबवायची, मग पुढे न्यायची. मध्येच कुजबुजत म्हणाली, "इथे दगड आहे." रस्ता नवीनच सिमेंटचा केलेला, गुळगुळीत. मी दगडाला वळसा घातला. "आता गटार." मी लांब पाऊल टाकलं.

मागे ठरलेला अर्धा तास भरला असावा. एका खिडकीत दिवा लागला, मग दुसरीत, मग सगळीकडे. कुणीतरी टीव्ही लावला. टोकाचा उंच दिवा दोनदा फडफडला आणि पेटला. भर उजेडात आम्ही दोघी रस्त्याच्या मधोमध. मी आत्याला काही सांगितलं नाही. तिचे डोळे मिटलेलेच होते, आणि हाताची पकड आता ऊबदार झाली होती.

वळणापाशी ती थांबली. माझा हात किंचित मागे ओढला आणि लहान मुलीच्या आवाजात, अगदी हळू, वर विमानाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, म्हणाली,

"अप्पा, पायरी आहे. जपून उतरा."

आमच्या रस्त्यावर पायरी नाही. मी जपून उतरले.